ड्रमरला दिग्दर्शक व्हायचं असेल तर

पुण्यातल्या एका ड्रमरने विचारलं आहे. वय एकतीस, स्वतःच्या रॉक बँडचे तीन म्युझिक व्हिडिओ त्यानेच दिग्दर्शित केलेत, आणि ते लोकांना आवडलेत. आता त्याचे प्रश्न असे: रॉक वाजवणारं कुणी खरंच दिग्दर्शनात टिकलंय का? व्हिडिओ जमला म्हणजे सिनेमा जमतो का? त्यासाठी बँड सोडावा लागतो का? आणि आता सुरुवात करायला उशीर झालाय का?

मी मुंबईत एडिटर आहे. म्युझिक व्हिडिओही कापते आणि सिनेमेही. त्यामुळे उत्तर एडिटच्या टेबलावरून जसं दिसतं तसंच देणार. सेटवरचा रुबाब मला फारसा दिसत नाही, हार्ड डिस्कवर काय आलं तेवढंच दिसतं.

टिकलेले लोक भरपूर आहेत. दिग्दर्शक मिशेल गॉन्ड्री फ्रान्समधल्या 'वी वी' नावाच्या बँडचा ड्रमर होता. योनास ओकरलुंड स्वीडनच्या 'बॅथरी' या मेटल बँडमध्ये अगदी सुरुवातीच्या काळात ड्रम वाजवायचा. पुढे त्याने मॅडोनाच्या 'रे ऑफ लाइट'चा (१९९८) व्हिडिओ केला आणि त्यावर ग्रॅमी मिळवलं. 'व्हाइट झॉम्बी'चा गायक रॉब झॉम्बी आज भयपटांचा दिग्दर्शक म्हणून तितकाच ओळखला जातो. पुढे म्युझिक व्हिडिओंचे दिग्दर्शक झालेले केविन गॉडली आणि लॉल क्रीम हे 'टेनसीसी' या ब्रिटिश बँडमधले दोघे. गॉडली तिथला ड्रमर. म्हणजे ड्रमरांची संख्या या यादीत चांगलीच आहे, तेव्हा त्या बाबतीत तुम्ही निश्चिंत राहा.

आपल्याकडे रॉकमधून थेट असं उदाहरण पटकन सापडत नाही, पण संगीतातून दिग्दर्शनात जाणं नवीन नाही. विशाल भारद्वाज यांनी १९९६मध्ये 'माचिस'चं संगीत केलं आणि २००२मध्ये 'मकडी' दिग्दर्शित केला. मराठीत अवधूत गुप्ते 'ऐका दाजिबा'मुळे घराघरात पोचले आणि २०१०मध्ये 'झेंडा' घेऊन आले. तोही राजकीय कार्यकर्त्यांवरचा सिनेमा, गायकाच्या आयुष्यावरचा नव्हे.

आता या यादीकडे जरा नीट बघा. 'स्टार होता म्हणून कुणीतरी कॅमेरा हातात दिला' असं यात जवळजवळ कुणाचंच नाही. गॉडली आणि क्रीम दोघेही आर्ट कॉलेजमधून आलेले. झॉम्बी न्यू यॉर्कच्या पार्सन्स या डिझाइन स्कूलमध्ये शिकला आणि बँड चालेपर्यंत एका टीव्ही मालिकेच्या सेटवर हरकाम्याची नोकरी करत होता. गॉन्ड्री घरी बसून बँडच्या गाण्यांसाठी अ‍ॅनिमेशन करायचा. त्यातला एक व्हिडिओ आइसलंडची गायिका ब्योर्कच्या पाहण्यात आला आणि तिने त्याला १९९३मध्ये आपल्या 'ह्यूमन बिहेव्हियर'चा व्हिडिओ दिला. या सगळ्यांसाठी बँड हीच प्रयोगशाळा होती, आणि गिऱ्हाईक घरचंच असल्याने फसलं तरी कुणी पैसे परत मागायला येत नव्हतं.

ड्रमर दिग्दर्शनात नेमकं काय घेऊन येतो, ते गॉन्ड्रीच्या कामात स्पष्ट दिसतं. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचा 'अराउंड द वर्ल्ड' (१९९७) शांतपणे बघा. गोल मंचावर नाचणाऱ्यांचे पाच गट आहेत आणि प्रत्येक गटाकडे एक वाद्य सोपवलेलं आहे. रोबोट म्हणजे यंत्रातून येणारा गाण्याचा आवाज. पायऱ्या चढणारे-उतरणारे उंच खेळाडू म्हणजे बेस. तो वर गेला की ते वर, खाली आला की खाली. सांगाडे गिटार, ममी ड्रम मशीन, आणि चमकत्या टोप्यांमधल्या मुली कीबोर्ड. कट फारसे नाहीतच. आवाज बंद करून पाहिलात तरी गाण्याची बांधणी कळते. हे सुचायला मिक्समधलं प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू यावं लागतं, आणि ती सवय तुमच्याकडे आहे.

व्हाइट स्ट्राइप्सचा 'द हार्डेस्ट बटन टू बटन' (२००३) तर सरळ ड्रमरच्या डोक्यातून निघालेला आहे. दर ठोक्याला एक नवा ड्रमसेट उगवतो आणि न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर रांगच्या रांग लागते. त्यासाठी एकसारखे ३२ ड्रमसेट आणून ते एकेक करून मांडत शूट केलं होतं. केमिकल ब्रदर्सच्या 'स्टार गिटार'मध्ये (२००२) रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे खांब, शेड, पूल, मालडबे ठेक्यावर येत-जात राहतात. दक्षिण फ्रान्समधल्या नीम-व्हॅलाँस मार्गावर केलेलं शूट आणि त्यावर संगणकाची कारागिरी. पण त्याआधी गॉन्ड्रीने टेबलावर संत्री, काटे, पुस्तकं, कॅसेटी मांडून कुठल्या आवाजाला कुठली वस्तू हे ठरवून घेतलं होतं. पुढच्या वेळी डेक्कन क्वीनने मुंबईला याल तेव्हा हेडफोन लावून खिडकीबाहेर बघा. कर्जतपर्यंत तुमच्याकडे एक व्हिडिओ तयार असेल.

गॉडली-क्रीमचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी बघण्यासारखं आहे. 'आय अ‍ॅम नॉट इन लव्ह' (१९७५) या टेनसीसीच्या गाण्यामागे आवाजांचा जो ढग आहे, तो बँडमधल्या तिघांनी एकेक स्वर सोळा-सोळा वेळा गाऊन, टेपवर एकावर एक चढवून केलेला होता. दहा वर्षांनी गॉडली-क्रीमच्याच 'क्राय' या गाण्याच्या व्हिडिओत तेच तंत्र डोळ्यांना दिसतं: एकामागून एक माणसं कॅमेऱ्याकडे बघून गातात आणि एकाचा चेहरा हळूच दुसऱ्यात विरघळतो. कपाळ एकाचं, हनुवटी दुसऱ्याची, असा क्षणभराचा तिसराच माणूस तयार होतो. हे १९८५चं काम आहे. संगणकाचं मॉर्फिंग तेव्हा आलेलं नव्हतं, मऊ कडेचे वाइप, म्हणजे एक चित्र सरकत दुसऱ्याची जागा घेतं ते बदल, वापरून केलंय. आधी आवाजाचे थर लावणारी माणसं आता चेहऱ्यांचे थर लावत होती, एवढाच फरक.

मात्र या दोघांचा खरा धडा पुढे आहे. त्यांनी १९७६मध्ये बँड सोडला आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यांच्या गाण्यांवर काम सुरू केलं: व्हिसाज, ड्युरन ड्युरन, पोलीस, हर्बी हॅनकॉक, फ्रँकी गोज टू हॉलीवूड. पोलीसचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' (१९८३) त्यांनी कृष्णधवल ठेवलं, १९४४च्या एका जॅझवरच्या लघुपटाची प्रकाशयोजना डोळ्यांसमोर ठेवून. हॅनकॉकच्या 'रॉकिट'मध्ये कलाकार स्वतः फक्त एका टीव्हीच्या पडद्यावर दिसतो, बाकी सगळं घर यंत्रमानवांनी भरलेलं. त्या काळात एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकारांना फारशी जागा मिळत नव्हती, आणि ही युक्ती त्या अडचणीतून निघाली होती. १९८४च्या पहिल्याच एमटीव्ही पुरस्कारांत 'रॉकिट'ने पाच पुरस्कार नेले.

सांगायचं हे, की स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ करणं आणि दुसऱ्याच्या गाण्याचा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्वतःचं गाणं तुम्हाला आधीच कळलेलं असतं, सेटवर 'हे का करतोय?' असं विचारणारं कुणी नसतं. अशा व्हिडिओचा पहिला कट माझ्याकडे आला, की दिग्दर्शन बँडमधल्या कुणाचं आहे ते मला दोन मिनिटांत कळतं. तो माणूस एकतर प्रत्येक तिसऱ्या शॉटमध्ये असतो, नाहीतर संकोचापायी अख्ख्या व्हिडिओत शोधावा लागतो. मग संध्याकाळी बेस वाजवणारा येऊन बसतो आणि स्क्रीनवर बोट ठेवून स्वतःचे शॉट मोजतो. ही कटकट वाटते, पण खरी तालीम तीच आहे. दुसऱ्याच्या बँडचं काम घ्या, त्यांचे रुसवेफुगवे सांभाळा, गायिकेला आवडलेला पण गाण्याला मारणारा क्लोजअप तिला न दुखावता काढून दाखवा. तुमच्या तीन व्हिडिओंवरून मी काहीच सांगू शकणार नाही. परक्या बँडसाठी केलेल्या चौथ्यावरून सांगू शकेन.

(आणि ते काम घेताना फी, शूटचे दिवस आणि करेक्शनचे राउंड किती, हे लिहून घ्या. मित्राचा बँड असला तर जास्तच.)

तांत्रिक बाजूने तुम्ही बऱ्यापैकी पुढे असाल, पण एक-दोन गोष्टींत ड्रमर हमखास अडकतो. पहिली, ठोक्यावर कट मारण्याचा मोह. १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं घ्या. सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर १२ फ्रेमचा. तेच २५ फ्रेमवर कापायला बसलात तर ठोका साडेबारा फ्रेमला पडतो, म्हणजे दोन फ्रेमच्या मधोमध. आधीची घ्यायची की नंतरची, हे दर वेळी ठरवावं लागतं. मी बहुधा आधीची घेते, कधी त्याच्याही एक फ्रेम आधी, कारण नवं चित्र डोळ्यांत बसायला किंचित वेळ लागतो. ड्रमर दिग्दर्शक शेजारी बसला की म्हणतो, 'थोडं रश होतंय.' कानाने त्याचं बरोबर असतं. मी आवाज बंद करून तोच भाग पुन्हा दाखवते, मग पटतं. आणि प्रत्येक ठोक्यावर कट असला की चौथ्या ओळीनंतर एकही कट जाणवत नाही. तुम्ही स्वतः प्रत्येक ठोक्याला क्रॅश सिम्बल मारता का? नाही ना.

दुसरी गोष्ट स्लो मोशनची. २४च्या टाइमलाइनसाठी ४८ फ्रेमवर शूट करायचं तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने लावावं लागतं, म्हणजे पडद्यावर वेग निम्मा झाला की ओठ बरोबर जुळतात. गायकाला हे सरावाने जमतं. ड्रमरचं काय? १५० बीपीएमचं गाणं सेटवर ३००ने वाजणार, त्यावर दोन्ही हात चालवून दाखवा. म्हणून ड्रमचे शॉट ३६ फ्रेमवर घेऊन गाणं दीडपट वेगाने लावतात, किंवा पॅटर्न सोपा करतात. हे शूटच्या आधी ठरलं नसेल, तर माझ्याकडे काठ्या एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असा माल येतो. दोनशे प्रेक्षकांतला एक ड्रमर ते पकडतो आणि खाली कमेंट टाकतो.

आता दुसरा प्रश्न. व्हिडिओ जमला म्हणजे सिनेमा जमतो का? आपोआप जमत नाही, आणि याचं कारण माझ्या मते एकच आहे: व्हिडिओत वेळ तुम्हाला फुकट मिळतो. गाणं चार मिनिटांचं असतं. कुठे चढायचं, कुठे थांबायचं, शेवट कुठे, हे संगीतकाराने आधीच ठरवून दिलेलं असतं. तुम्ही काहीही वेडंवाकडं शूट करून आणा, खाली गाणं चालू आहे तोवर ते एकसंध वाटतं. सिनेमातल्या दृश्याखाली असं काही नसतं. दोन माणसं स्वयंपाकघरात बोलतायत. एकाने उत्तर द्यायला किती थांबायचं, दुसरी ओट्याकडे कधी वळणार, दृश्य कुठे सोडायचं, हा वेळ दिग्दर्शकाला शून्यातून तयार करावा लागतो, आणि तोही नटांच्या आत. एडिटमध्ये मी एखादा श्वास लांबवू किंवा कापू शकते. नटाने घेतलाच नसेल, तर आणू कुठून?

रॉब झॉम्बीचे पहिले दोन सिनेमे शेजारी ठेवले की हे कळतं. 'हाउस ऑफ १००० कॉर्प्सेस' २०००मध्ये युनिव्हर्सलसाठी शूट झाला. रक्तपात बघून स्टुडिओ बिचकला, सिनेमा पडून राहिला आणि अखेर लायन्सगेटने तो २००३मध्ये प्रदर्शित केला. त्यात मध्येच रंग उलटे होतात, मध्येच दाणेदार तुकडे येतात, पडदा दुभंगतो. तुकडे एकेक करून पाहिले तर मजेदार आहेत, पण दृश्य थोडं मंदावलं की दिग्दर्शक घाबरून व्हिडिओच्या सवयीकडे पळतो, असं मला दर वेळी वाटतं. मग २००५मध्ये त्याच पात्रांना घेऊन त्याने 'द डेव्हिल्स रिजेक्ट्स' केला. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, हातातल्या कॅमेऱ्याने, सत्तरच्या दशकातल्या धुळकट सिनेमासारखा. झगमगाट गेला. मोटेलच्या खोलीतला ओलीस ठेवण्याचा प्रसंग असह्य आहे, आणि तो असह्य करतो तो केवळ त्याचा लांबलेला वेळ. रॉकवाला म्हणून त्याला जे येतं ते त्याने शेवटासाठी राखून ठेवलं. लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडचं 'फ्री बर्ड' सुरू होतं, गाडी रस्त्यावरून येत राहते, आणि सिनेमा गाण्याच्या हवाली होतो. आधीचा दीडेक तास त्याने गाण्याच्या आधाराशिवाय तोलला म्हणून तो शेवट चालतो. मला स्वतःला भयपट झेपत नाहीत. हा मी कामाचा म्हणून पाहिला आणि तो भाग पुन्हा मागे घेऊन पाहिला.

गॉन्ड्रीचंही तसंच. पहिला सिनेमा 'ह्यूमन नेचर' (२००१) फारसा गाजला नाही. तीन वर्षांनी 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' आला आणि पटकथेचं ऑस्कर घेऊन गेला. दोन्हीचा लेखक एकच, चार्ली कॉफमन. व्हिडिओतल्या हातच्या करामती दुसऱ्यातही आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली जिम कॅरी लहान मुलाएवढा दिसतो, तो सेटच्या मोजमापांच्या खेळामुळे. एका दृश्यात तो एकाच शॉटमध्ये दोन ठिकाणी दिसतो, तेही कॅमेरा फिरेपर्यंत त्याने मागून धावत जाऊन कपडे बदलल्यामुळे. पण इथे प्रत्येक करामत आठवण पुसली जाण्याशी बांधलेली आहे. यातून एक सरळ सल्ला निघतो: लेखक शोधा. संगीतातून आलेल्या दिग्दर्शकाला बहुतेक वेळा कॅमेरामन आधी सापडतो, लेखक फार उशिरा. पुण्यात एकांकिका लिहिणारी मुलं-मुली ढिगाने आहेत. पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या बघायला जा, तिथे नटही सापडतील.

म्हणून पुढचं काम म्हणून मी हे सुचवेन. दोन माणसं, एक खोली, पाच-सहा मिनिटांची फिल्म. पार्श्वसंगीत अजिबात नाही, शेवटच्या श्रेयनामावलीतही नाही. एडिटला बसाल तेव्हा तिसऱ्या मिनिटाच्या आसपास हात आपोआप संगीताकडे जाईल. जिथे जाईल तिथे टाइमलाइनवर खूण करा. ती जागा दिग्दर्शनात कच्ची आहे. एक तर दृश्य चुकीच्या ठिकाणी सुरू झालंय, किंवा पात्राला त्या क्षणी काहीच नको आहे. परत लिहा, परत शूट करा. खर्च एका चांगल्या सिम्बलइतका येईल.

कथापट नकोच असेल तर डेव्ह ग्रोलचा रस्ता बघा. निर्व्हानाचा ड्रमर, फू फायटर्सचा गायक. त्याने २०१३मध्ये 'साउंड सिटी' हा माहितीपट केला. विषय लॉस एंजेलिसमधला एक जुना स्टुडिओ आणि तिथला नीव्ह कंपनीचा मिक्सिंग कन्सोल, म्हणजे ध्वनिमिश्रणाचं टेबल. ज्या खोलीत तो स्वतः वाजवून मोठा झाला तिच्यावरच सिनेमा. लोक त्याच्याशी मोकळं बोलले, कारण प्रश्न विचारणारा त्यांच्यातलाच होता. तुमच्याकडेही असं काहीतरी असेल: बंद पडलेली जॅमरूम, अँप दुरुस्त करणारे एखादे काका, कॉलेजांच्या फेस्टिव्हलमधून उठलेला आणि विरून गेलेला एखादा बँड. बाहेरचा माहितीपटवाला तिथे सहा महिने ओळखी काढण्यात घालवेल.

बँड सोडायचा का? इतक्यात नको. झॉम्बी सिनेमे करता करता अल्बम आणि दौरे करत राहिला, ग्रोलनेही बँड सोडला नाही. गॉन्ड्रीचा बँड फुटला आणि गॉडली-क्रीमनी टेनसीसी सोडला तो गिटारला लावायच्या स्वतःच्या एका यंत्राच्या नादात. व्हिडिओ नंतर आले. प्रश्न तारखांचा येतो. गिग्जचा हंगाम थंडीतला, आणि बाहेरचं शूटही सगळे थंडीतच लावतात. एखाद्या मोठ्या सिनेमावर सहायक म्हणून काम मिळालं, आणि ते एकदा तरी करावंच, तर तेवढ्या महिन्यांसाठी बदली ड्रमर लावून द्या आणि बँडला आधी सांगा. सहायकाच्या कामात पैसे थोडे आणि झोप त्याहून थोडी. पण कंटिन्युइटी, कॉलशीट आणि दुपारी दोन वाजता ढग आल्यावर पहिला सहायक काय करतो, हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

हेही लक्षात असू द्या, की सिनेमापर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही. लॉल क्रीमने 'द लुनॅटिक' (१९९१) हा एक सिनेमा केला आणि तो पुन्हा संगीताकडे वळला. गॉडली व्हिडिओच करत राहिला, १९९६मध्ये बीटल्सच्या 'रियल लव्ह'चा व्हिडिओ त्यानेच केला. त्यांना कुणी अर्धवट म्हणत नाही.

वयाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. ओकरलुंडचा 'स्पन' २००२चा, झॉम्बीचा पहिला सिनेमा २००३चा. दोघांचा जन्म १९६५चा. गॉन्ड्री १९६३चा, पहिला सिनेमा २००१चा. तिघेही तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तुमच्या हातात अजून पाच-सात वर्षं आहेत.

शेवटी तुम्ही कॅमेरा कुठला घ्यावा असंही विचारलंय. कुठलाच घेऊ नका, भाड्याने आणा. वाचलेल्या पैशांतून त्या खोलीतल्या फिल्मसाठी चांगला साउंड रेकॉर्डिस्ट बोलवा. संगीतवाले नेमकी इथेच काटकसर करतात, 'आवाजाचं आपण बघून घेऊ' म्हणतात, आणि मग माझ्याकडे पंख्याच्या घरघरीत बुडालेले संवाद येतात. शूटला पंखा बंद ठेवा, फ्रिजचंही बटण बंद करा. पॅकअप झाल्यावर ते परत सुरू करायचं काम कुणावर तरी सोपवून ठेवा.